शुक्रवारपुरती बॅटरी

२०१४ सालच्या हिवाळ्यातली गोष्ट. सफरमोहने फोन कानाशी नेला आणि हलवून पाहिला, अक्रोड भरलेला आहे की पोकळ हे बघायला हलवतात तसा. आतून काहीच आवाज आला नाही. तिने बाजूचं बटण अंगठ्याने दाबून धरलं. काळ्या काचेवर क्षणभर एक रिकामी बॅटरी उमटली, तिच्या तळाशी लाल रेघ, आणि काच पुन्हा काळी झाली.

ती छतावर उभी होती. ताजिकिस्तानातल्या सरिजूय गावात फोनला रेंज मिळायची ती छतांवरच, घरात नाही. त्यामुळे दर शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर गावातल्या निम्म्या बायका आपापल्या छतावर जाऊन उभ्या राहत. कुणाचा नवरा मॉस्कोत, कुणाचा मुलगा त्याच्याही पुढे सैबेरियात. तिकडे जेवणाची सुट्टी झाली की इकडे फोन वाजायला लागत. कुणी हसे, कुणी डोळे पुसे, आणि कोण का रडलं हे संध्याकाळपर्यंत साऱ्या गावाला ठाऊक होई.

"संपली?" शेजारच्या छतावरून सोरोने विचारलं. ती मुलाशी बोलून मोकळी झाली होती.

"संपली."

"पुन्हा? हा तिसरा जुम्मा ना ग?"

 फोन कोटाच्या आतल्या खिशात टाकून सफरमोह शिडीने खाली उतरू लागली. खाली अंगणात सून झेबो तंदूरमधून रोट्या काढत होती. तिने मान वर केली नाही. सासू शिडीवर असताना सून धावत येऊन शिडी धरते, झेबोही एरवी धरायची. आज ती नुसती रोट्या झटकत राहिली, आणि सफरमोहच्या मनात पाल चुकचुकली ती तिथे.

त्या वर्षी नोव्हेंबरातच गावाचा ट्रान्सफॉर्मर जळाला होता. जिल्ह्याची माणसं येऊन बघून गेली, बर्फ वितळल्यावर बघू म्हणाली. सफरमोहच्या तरुणपणी, सोव्हिएत कोलखोजच्या, सरकारी सामुदायिक शेतीच्या काळात, गावात वीज इतकी होती की गोठ्याबाहेरचे दिवे दिवसाही जळत राहत आणि ते बंद करायचं कुणाच्या ध्यानात येत नसे. त्याआधी, तिच्या आईच्या वेळी, चूल विझली की शेजारणीकडून मडक्यातून निखारे आणत. आता साठी ओलांडल्यावर तिला पुन्हा निखारे आणायला जावं लागत होतं, फक्त मडक्याऐवजी खिशातून.

निखारे मिळत ते उस्तो नारझीकडे, गावाच्या मिस्त्रीकडे. ओढ्यावरच्या बंद पडलेल्या पाणचक्कीला त्याने जुन्या ट्रकचा डायनामो जोडला होता. चाक फिरलं की चक्कीच्या भिंतीवर खिळ्यांना टांगलेले गावभरचे फोन भरत. ओढा काठांनी गोठलेला, धार बारीक. एक फोन भरायला दिवस जाई. लोक मोबदल्यात जे घरात असेल ते देत. सफरमोह रोटी घेऊन जायची.

"नारझी, खरं सांग," तिने रोटी त्याच्या पुढ्यात ठेवून विचारलं. "भरून देतोस, की नुसता टांगून ठेवतोस?"

"खोला, मावशीच्या हातची रोटी खाऊन खोटं बोलेन का मी?"

"रोटी खाऊन खोटं बोलणारे पुष्कळ पाहिलेत."

नारझी हसला. हात पुसून त्याने फोनचं मागचं झाकण काढलं, बॅटरी बाहेर घेतली आणि फळीवर ठेवून बोटाने फिरवली. ती थोडी सरकली आणि थांबली.

"फुगली असती तर भोवऱ्यासारखी गरगरली असती. ठणठणीत आहे. तुमच्या लेकाने, दिलोवरने, रशियातून चांगला फोन पाठवलाय."

"मग खातं कोण?"

"ते घरात विचारा," तो म्हणाला.

तो सहज बोलला होता. त्याच्या दुकानात सगळे हेच विचारत आणि तो सगळ्यांना हेच सांगे. पण सफरमोहला ते बोलणं चिकटलं. तिने त्याच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं; त्याला काही ठाऊक आहे आणि तो सांगत नाही, असं तिला वाटून गेलं.

"हे बघा," नारझी समजावू लागला. "काच अंधुक ठेवायची. इंटरनेट बंद. तुमच्या घरात रेंज नाही, त्यामुळे फोन दिवसभर रेंज हुडकत बसतो आणि दमतो. म्हणून घरी गेल्या गेल्या बंदच करून टाका, जुम्म्याला छतावर चढलात की चालू करा. चुलीपाशी ठेवू नका, खिडकीतही नको. पार रिकामा होऊ देऊ नका, त्याने बॅटरी मरते. एवढं केलंत तर आठवडा सहज जाईल."

"नव्या नवरीचे इतके लाड कुणी करत नाही."

"नवरी दोन वर्षांत जुनी होते, खोला. बॅटरीचंही तसंच."

घरी आल्यावर सफरमोहने त्याच्यासमोर शिकून घेतलं होतं तसं सगळं केलं. फोन बंद केला, रुमालात गुंडाळला आणि भिंतीतल्या कोनाड्यात, चहाच्या डब्यामागे ठेवला. झेबो बघत होती. तिची तीन वर्षांची नासिबा आजीच्या मांडीवर बसून गाठ कशी मारतात ते बघत होती. सफरमोहची गाठ आतल्या अंगाला वळणारी. पिठाच्या पिशवीला तिची आई मारायची ती.

दोन दिवसांनी तिने कोनाड्यात हात घातला. रुमाल होता तिथेच होता, फोन बंदच होता. गाठ मात्र बाहेरच्या अंगाला वळलेली होती.

तिने फोन चालू केला. बॅटरी निम्म्यावर आली होती. तिने आलेले-गेलेले फोन पाहिले. दिलोवरचं नाव, सोरोचं नाव, पुन्हा दिलोवरचं. तिसरं काही नाही. पुसून टाकलं असेल. शिकलेली आहे, दहावीपर्यंत शाळेत गेलेली आहे, पुसायला किती वेळ लागतो? गाठ तिने पुन्हा आपल्या पद्धतीने बांधली आणि कुणाला काही म्हटलं नाही.

आता तिला सगळंच वेगळं दिसू लागलं. झेबो पहाटे उठून गोठा साफ करायची, सासूच्या शीरचोयमध्ये, दुधाच्या खारट चहात, लोण्याचा गोळा जरा मोठाच टाकायची, उलट शब्द कधी बोलायची नाही. पूर्वी सफरमोह हे शेजारणींना कौतुकाने सांगत असे. आता ती विचार करू लागली, की सून इतकी गोड वागते ती कशासाठी? लग्नाला चार वर्षं झाली होती, त्यात दिलोवर घरी राहिला ते दोन हिवाळे. मागे पीठ घेऊन आलेल्या ड्रायव्हरने पोतं खाली ठेवताना काहीतरी म्हटलं होतं आणि झेबो ओढणी तोंडाशी धरून हसली होती. काय म्हणाला होता तो? सफरमोहला तेव्हा ऐकू आलं नव्हतं, आणि विचारावंसंही वाटलं नव्हतं. आता मात्र ते हसू तिच्या डोळ्यांपुढून हलेना.

चौथा शुक्रवारही कोराच गेला. फोन चालू झाला, ओळखीचं गाणं निम्मं वाजलं आणि हातातच मेला.

शनिवारी सोरो आली. बूट दाराशी काढता काढता तिने आत कोण आहे ते मान लांबवून पाहिलं.

"केलिन कुठेय तुझी?"

"झेबो पाण्याला गेली आहे. बोल."

"दिलोवरचा फोन आला होता. माझ्या फोनवर." सोरो कोळशाच्या शेगडीवर ठेवलेल्या चौरंगावरच्या गोधडीत पाय घालून ऐसपैस बसली. "म्हणाला, आईचा फोन महिनाभर लागत नाही. येत्या जुम्म्याला काही करून चालू ठेवायला सांगा. आणि झेबोला शेजारी बसवा म्हणाला. आवाज मोठा करून. दोघींनी ऐकायचंय."

"काय ऐकायचंय?"

"ते मला कशाला सांगेल? मी विचारलं, तर म्हणाला घरातलं आहे." सोरोने आवाज खाली आणला. "पण सफरमोह, त्याचा सूर बरा नव्हता. पोराच्या कानावर काहीतरी गेलंय."

"कुणी घातलं?"

"माझ्याकडे काय बघतेस? माझं तोंड फक्त खाण्यापुरतं उघडतं."

सोरोच्या तोंडून हे ऐकून अंगणातल्या कोंबड्यांनाही हसू आलं असतं, पण सफरमोह हसली नाही. तिने चहाचा प्याला सोरोपुढे सरकवला.

"तरुण बाई," सोरो म्हणाली. "नवरा परमुलखात. आणि फोन रोज उपाशी. मी काही म्हणत नाही. माझ्या घरात असतं तर मी डोळे उघडे ठेवले असते, एवढंच."

"माझे मिटलेले नाहीत."

"मग झालं."

बुधवारी सफरमोहने नारझीकडून फोन काठोकाठ भरून आणला. तो कोटाच्या खिशात ठेवला असता, उशाशी घेऊन झोपली असती, तर शुक्रवारपर्यंत कुणाचा हात लागला नसता. हे तिला कळत होतं. पण आता तिला फोन वाचवायचा नव्हता, चोर पकडायचा होता. तिने तो झेबोच्या देखत रुमालात बांधला, कोनाड्यात ठेवला आणि शाल ओढून घेतली.

"खालच्या आळीत जाऊन येते. हैदरच्या घरी माणूस गेलंय, बसून यायला हवं. दुपार होईल."

"बर्फ निसरडा आहे, ओचा. काठी घ्या," झेबो म्हणाली. नवऱ्यासारखंच तीही सासूला ओचा, म्हणजे आई, म्हणायची.

काठी घेऊन ती अक्रोडाच्या झाडापर्यंत गेली, तिथे थोडा वेळ थांबली आणि गोठ्याच्या मागच्या पायवाटेने परत फिरली. घरात कुणी नव्हतं. कोनाड्यातला रुमाल उघडा पडला होता.

गोठ्याच्या दाराखालून उजेडाची रेघ बाहेर येत होती. कंदिलाचा उजेड पिवळा असतो. हा पांढरा होता. सफरमोहने काठी भिंतीला टेकवली, ओढणी कानावरून मागे सारली आणि दाराला कान लावला.  आता पुरुषाचा आवाज येईल, किंवा ते हसू. काय बोलायचं तेही तिने मनाशी ठरवून ठेवलं होतं.

गाय रवंथ करत होती. बराच वेळ तेवढंच ऐकू आलं.

मग नासिबा म्हणाली, "आता कोल्हा."

"कोल्हा झोपला."

"मग उंट कर."

सफरमोहने दार ढकललं.

फोन गव्हाणीच्या कडेला उभा करून ठेवला होता. त्याचा टॉर्च डोळे दिपतील असा पेटलेला, काचही पूर्ण उजळलेली. समोरच्या मातीच्या भिंतीवर झेबोच्या दोन्ही हातांची मोठी सावली पडली होती, लांब मानेचा उंट. सासूला पाहूनही झेबोने हात खाली घेतले नाहीत. घ्यायचं सुचलंच नाही तिला. उंट भिंतीवर थरथरत राहिला.

"कुणाशी बोलत होतीस?"

"कुणाशी नाही."

"मग हे काय चाललंय?"

झेबोने हात खाली घेतले. "संपवतेय," ती म्हणाली.

सफरमोहला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. ती आत आली आणि तिने मागे दार लोटून घेतलं.

"नासिबा, जा, कोंबड्यांनी अंडं घातलं का बघून ये."

पोरगी बाहेर गेली. झेबो गवताच्या पेंढीवर बसली आणि ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. गुंडाळून झालं की सोडायची, पुन्हा गुंडाळायची.

"शरदात, लाइट होती तेव्हा, त्यांचा निरोप आला, तुमच्याच फोनवर. लिहिलेला. तीन वेळा एकच शब्द."

तो शब्द ती बोलली नाही. सफरमोहनेही विचारला नाही. गावात याआधी दोघी बायका माहेरी गेल्या होत्या त्या याच शब्दाने, रशियातून आलेल्या तलाकाने. दोघींची मुलं बापाच्या घरी राहिली होती.

"तिकडे दुसरी केली आहे त्यांनी. तिला सगळं मोकळं करून हवंय म्हणे."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"तुम्ही त्यांच्या आई आहात."

गाईने मान हलवली, साखळी वाजली. सफरमोह उभीच होती.

"मी बीबी-ओतुनकडे गेले," झेबो पुढे म्हणाली. बीबी-ओतुन म्हणजे गावातल्या बायकांना कुराण वाचून दाखवणारी म्हातारी. धर्माचं काही विचारायचं तर बायका तिलाच विचारत. "दुसऱ्याच कुणाची गोष्ट आहे असं सांगून विचारलं. त्या म्हणाल्या, लिहिलेलं मोजत नाहीत. नवऱ्याने बोललेलं बाईच्या कानावर पडायला हवं, तेव्हा ते लागू होतं. तसं मी त्यांना कळवलंही, वेड्यासारखं. तेव्हापासून ते बोलायला बघतायत." तिने फोनकडे पाहिलं. "मी कानावर पडू दिलं नाही."

"सोरोच्या फोनवर बोलला असता."

"परक्याच्या फोनवर नाही बोलणार. तेवढी लाज आहे त्यांना."

तेवढी लाज. सफरमोहने तो शब्द कानात थोडा वेळ राहू दिला.

"मला जायला जागा नाही असं नाही, ओचा. भाऊ आहे, भावजय आहे. कोपरा देतील. पण नासिबा इथली. तिला ते इथेच ठेवून घेतील, आणि मग तिकडची आली की..." ती थांबली.

सफरमोहने गव्हाणीवरचा फोन उचलला. टॉर्च कुठून बंद करतात ते तिला सापडेना. झेबोने हात पुढे करून काचेला बोट लावलं आणि गोठ्यात एकदम अंधार झाला.

"उद्या उस्तोकडे परत मीच नेते," अंधारातून सफरमोह म्हणाली. "जुम्म्याला भरलेला हवा."

"हो, ओचा," झेबो म्हणाली.

गुरुवारी झेबोने नासिबाचे सगळे कपडे धुऊन तंदूरच्या भिंतीवर वाळत घातले, स्वतःच्या पेटीचं झाकण उघडून काही वेळ तिच्यापुढे बसली आणि तशीच उठली. सफरमोहने ते दाराआडून पाहिलं. दोन आठवडे ती सुनेकडे असंच बघत होती, पण आता बघताना तिचं मन दुसरीकडेच जात होतं. तिला दिलोवरचे जुने फोन आठवत होते. वीस जण राहतात त्या खोलीत, असं तो सांगायचा. सगळे बांधकामावरचे, कुणी चहाही धड करत नाही. आणि बोलता बोलता त्याच्या मागे बशीवर कप ठेवल्याचा आवाज यायचा. नाजूक, काचेचा. वीस गवंड्यांच्या खोलीत बशा कुठून आल्या? तो आवाज तिने किती वेळा ऐकला होता आणि एकदाही कान टवकारले नव्हते. सगळे कान तिने इकडे लावून ठेवले होते.

शुक्रवारी नमाज झाल्यावर ती छतावर चढली. या वेळी झेबोने शिडी धरली. सासू वर गेली तरी ती खालीच उभी राहिली, नासिबाला कडेवर घेऊन, हाक आली की जायचं अशी. शेजारच्या छतावर सोरो आपला फोन हातात घेऊन तयार होती, पण तिची नजर इकडेच होती.

सफरमोहने फोन चालू केला. वरच्या कोपऱ्यात हिरवी बॅटरी काठोकाठ भरलेली दिसली. थोड्याच वेळात फोन वाजला.

"ओचा? लागला एकदाचा. कशा आहात?"

महिनाभराने ऐकलेला तो आवाज. सफरमोहने फोन कानाशी इतका घट्ट धरला की कानाची पाळी दुखली.

"बरी आहे. तू?"

"बरा आहे. झेबो आहे ना तिथे?"

"आहे. नासिबाला खोकला झाला होता, गेला आता. गाय यंदा लवकर विणार असं दिसतंय. थंडी आहे का रे तिकडे?"

"आहे. ओचा, झेबोला बोलवा वर. आवाज मोठा करा."

"जेवतोस ना नीट?"

"जेवतो."

"कोण करतं?"

पलीकडे तो खाकरला.

"आम्हीच करतो. पाळीपाळीने."

"बरं," सफरमोह म्हणाली. "बरं."

"ओचा, दोन मिनिटांचं काम आहे. तिला बोलवा आणि तुम्हीही तिथेच थांबा. मी काय म्हणतो ते..."

खाली झेबोने नासिबाला कडेवरून उतरवलं होतं आणि शिडीच्या पहिल्या दांडीवर पाय ठेवला होता. सफरमोहने तिच्याकडे पाहिलं आणि मोकळा हात वरून हलवला. अंगणातल्या कोंबड्यांना हाकलतात तसा, मागे हो, मागे. झेबोचा पाय दांडीवरून खाली आला.

"दिलोवर, चार्ज संपत आलाय रे. लाल झालंय."

"आत्ताच? मग लवकर द्या तिच्याकडे, ओचा, पटकन..."

"ऐकू येत नाही. थंडीत टिकतच नाही ही बॅटरी. तब्येतीला जप."

तिने बटण दाबून धरलं. फोनने विचारलं, बंद करायचं का. तिने हो वर बोट ठेवलं.

"पुन्हा संपली?" सोरोने पलीकडून विचारलं.

"पुन्हा."

"फेकून दे ती बॅटरी. काही कामाची नाही."

"मी तेच म्हणते."

सोरोचा फोन वाजला, ती पाठ फिरवून बोलू लागली. सफरमोह मात्र लगेच उतरली नाही. बंद फोन तसाच कानाशी धरून ती छताच्या टोकाला उभी राहिली, खालच्या दरीकडे तोंड करून. बघणाऱ्याला वाटलं असतं, म्हातारीचं बोलणं अजून चालूच आहे.

बीबी-ओतुनने सांगितलं ते कुठल्या पुस्तकातलं होतं, की दारात आलेल्या बाईचा चेहरा बघून तिने आपल्या पदरचं सांगितलं होतं, हे सफरमोहला ठाऊक नव्हतं. विचारायला जायचं नाही, एवढं तिने उतरताना ठरवलं.

खाली आल्यावर तिने फोन झेबोच्या हातात दिला. झेबोने तो चालू केला, काचेच्या कोपऱ्याकडे पाहिलं, आणि मग बराच वेळ ती तिथेच बघत राहिली.

"गोठ्यात उंट करायचे तर कंदील लाव," सफरमोह म्हणाली. "असा पार रिकामा केला की मरतो म्हणे. आणि रोट्या काढ, करपतायत."

ट्रान्सफॉर्मर पुढच्या एप्रिलमध्ये बदलला. काही वर्षांनी हिवाळ्यातली वीजही नीट येऊ लागली, आणि गावात फोन भरायचा म्हणजे काय कटकट असे हे मुलांना सांगूनही पटेनासं झालं. उस्तो नारझीचं चाक त्याआधीच एका उन्हाळ्यात पुराने नेलं. तो दुशांबेला गेला आणि तिथल्या बाजारात फोन दुरुस्त करत बसतो. सोरोला मुलाने आपल्याकडे बोलावून घेतलं होतं. ती एक हिवाळा राहिली आणि परत आली. म्हणाली, तिथे नवव्या मजल्यावर राहायचं, पण शेजारचं काही म्हणता काही ऐकू येत नाही. बीबी-ओतुन ट्रान्सफॉर्मर बदलला त्याच वर्षी शरदात वारली. तिला न्हाऊ घालायला सगळ्यात आधी सफरमोह गेली होती.

दिलोवर शुक्रवारी फोन करत राहिला. घरात वीज आली, पुढे रेंजही आली, छतावर चढायची गरज संपली, तरी सफरमोहच्या फोनची बॅटरी त्याने झेबोचं नाव काढलं की संपायची. हळूहळू त्याने नाव काढणं सोडलं. आईची विचारपूस करायचा, आई त्याची करायची, आणि मग बोलणं पुष्कळ वेळ चालायचं.

सफरमोह २०१८ च्या वसंतात गेली. झेबो आजही त्याच घरात आहे. तिने आणखी एक गाय घेतली, मागच्या उतारावर जर्दाळू लावले. नासिबा आता चौदा वर्षांची आहे, उंचीने आईच्या वर गेली आहे, आणि आजीसारखी डोळे बारीक करून माणसाकडे बघते.

त्या वसंतात आईच्या मातीला दिलोवर पोचू शकला नाही. दोन दिवसांनी आला. आठवडाभर राहिला. घरात दिवसभर माणसं येत-जात होती, दुखवट्याच्या घरात कुणी भलतं काही बोलत नाही, तोही बोलला नाही. निघायच्या आदल्या सकाळी त्याने आईची आठवण म्हणून तिचा फोन मागितला. झेबोने तो रुमालात गुंडाळलेला आणून दिला. त्याने तो भरला आणि मग दिवसभर घेऊन बसला. आतले फोटो पाहिले, आईने चुकून काढलेले छताचे, स्वतःच्या बुटांचे, नासिबाच्या अर्ध्या चेहऱ्याचे. संध्याकाळी जेवणाच्या पंगतीशी फोन अजून त्याच्या हातातच होता.

"ही बॅटरी तर चांगली आहे," तो म्हणाला. "दिवसभर वापरतोय, निम्मीसुद्धा गेली नाही."

 त्याने वर पाहिलं. झेबो किटली घेऊन समोर बसली होती.

आमच्याकडे पाहुण्याने बसावं असं वाटत असेल तर प्याला अर्धाच भरतात, म्हणजे तो पुन्हा पुढे करता येतो. झेबोने दिलोवरचा प्याला घेतला आणि काठोकाठ भरला.